अक्षर पैलवान पाहिजे, लठ्ठ नको

"ताई, नाव असं पायजे की दुकानात पाय टाकला की डोळ्यात भरलं पायजे. पैलवानासारखं. पण लठ्ठ नको बरं का."

मार्केट यार्डातले हळदीचे एक व्यापारी माझ्यासमोर बसून सांगत होते. अर्ध्या किलोच्या पाकिटावर दोनच शब्द मोठे यायचे होते, ‘सांगलीची हळद’. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हे दोन शब्द ठसठशीत दिसावेत हा त्यांचा आग्रह मला अगदी रास्त वाटला. मग त्यांनी पिशवीतून एका परदेशी चॉकलेटचा रिकामा डबा काढला आणि वरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. अक्षरं चांगली जाड होती, तरी ठोकळ्यासारखी वाटत नव्हती. प्रत्येक उभी रेघ कमरेत किंचित आत गेलेली आणि वर-खाली टोकांकडे हळूहळू रुंद होत गेलेली. "हे असलं मराठीत करा. ह्याला काय म्हणत्यात ते तुमाला म्हाइत."

ह्याला म्हणतात ‘बोल्ड फ्लेअर्ड सेरिफ’. बोल्ड म्हणजे जाड, फ्लेअर्ड म्हणजे टोकाशी फुललेलं. नाव अवघड आहे, पण आत दडलेली गोष्ट सोपी आहे, आणि पैलवानाच्या त्या एका वाक्यात ती बरीचशी येऊन गेली होती.

आधी सेरिफ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी वर्तमानपत्रातलं मोठं ‘आय’ हे अक्षर डोळ्यांसमोर आणा. उभ्या रेघेच्या डोक्यावर आणि पायाशी एकेक छोटी आडवी पट्टी असते. ती पट्टी म्हणजे सेरिफ. ती नसेल, नुसताच उभा दांडा असेल, तर ते ‘सॅन्स सेरिफ’, म्हणजे बिनपट्टीचं अक्षर. मोबाइलच्या पडद्यावर आपण दिवसभर बहुतेक हेच वाचतो. जुन्या वाड्यातले लाकडी खांब आठवा. खांबाखाली दगडाचा चौकोनी तळखडा असतो. खांब वेगळा, तळखडा वेगळा, दोन्हींचा सांधा स्पष्ट दिसतो. पट्टीचं सेरिफ तसं असतं. बिनपट्टीचं अक्षर म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी पाइप. आणि फ्लेअर्ड सेरिफ म्हणजे चिंचेचा बुंधा. त्याला खाली वेगळं काही बसवलेलं नसतं. खोडच जमिनीकडे येता येता रुंद होतं, आणि रुंदी नेमकी कुठून सुरू झाली ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी माझ्यापुरतं त्याला ‘बुंध्याचं अक्षर’ म्हणते.

अक्षरांची वर्गवारी करणारे लोक या घराण्याला कोरीव अक्षरांचं घराणं मानतात. मॅक्सिमिलियन व्हॉक्स या फ्रेंच माणसाने १९५४ साली टाइपांची, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणांची, जी विभागणी मांडली, तिच्यात या गटाचं नावच छिन्नीच्या कामावरून पडलेलं आहे. रेघ टोकाला रुंद का होते याचं उत्तर त्या नावात आहे: हत्यारामुळे.

हे मला पुस्तकातून कळायच्या बरंच आधी घरात दिसलं होतं. आमचे आण्णा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, गणपती मंडळांचे फलक, तालमींच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. संध्याकाळी शाळेतून आले की मी त्यांच्या डब्याशेजारी बसायचे. काना काढताना ते सपाट ब्रश पत्र्यावर टेकवायचे आणि क्षणभर दाबायचे. दाबला की केस दोन्ही बाजूंना पसरतात. मग हात वर न उचलता, जोर मात्र कमी करून ब्रश खाली ओढायचा. केस परत जवळ येतात, रेघ निमुळती होते. आणि पायाशी पोचलं की पुन्हा थोडा दाब, की रेघ परत रुंद. सगळा काना एका श्वासात. ब्रश उचलला की पाया तयार असायचा, पट्टी वेगळी काढावी लागायची नाही. मी विचारलं होतं, "आण्णा, खाली जाड का करता?" त्यांनी पत्र्याकडेच बघत सांगितलं, "अगं, टोक दाबलं न्हाई तर लांबनं गोल दिसतंय."

त्या वाक्याचा पुरता अर्थ मला फार नंतर कळला. कुठलीही चौकोनी रेघ लांबून पाहिली की सगळ्यात आधी तिचे कोपरे पुसले जातात. डोळा, धूळ, उतरतं ऊन, सगळे मिळून कोपरे खातात, आणि सरळ कापलेली रेघ टोकाशी गोलसर, बोथट भासते. टोक आधीच थोडं बाहेर काढून ठेवलं की जे खाल्लं जायचं ते जादा असतं. वीस फुटांवरून ती रेघ काटकोनात कापल्यासारखी ठाम दिसते. म्हणजे हा फुलोरा सजावटीसाठी आलेला नाही. अंतरावरून होणारी झीज आधीच भरून काढायचा तो हिशेब आहे.

रोममध्ये ट्राजन बादशहाचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा. त्याच्या पायथ्याशी कोरलेला लेख रोमन मोठ्या अक्षरांचा आदर्श मानतात. तिथली टोकं अशी नाजूकपणे का फुलली, यावर बराच काळ असं मानलं जाई की छिन्नीला रेघ संपवताना तसा कोपरा काढावा लागतो, म्हणून. एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने याला वेगळं उत्तर दिलं. कोरण्याआधी ती अक्षरं दगडावर सपाट ब्रशने लिहिली गेली होती, आणि ब्रश टेकताना-उचलताना, फिरवताना पडलेलं वळण पाथरवटाने जसंच्या तसं कोरलं, असं त्याने १९६८ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं. मला यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. धर्मगुरू होण्याआधी कॅटिच शिकागोमध्ये पाट्या रंगवायचा. ज्याच्या हातात ब्रश खेळला होता, त्यालाच दगडातला ब्रश ओळखू आला. हे मी आण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पेंटरच तो."

ब्रशने दगडाला दिलं, तसं धातूनेही या अक्षराला बरंच दिलं. मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी बर्टोल्ड वोल्पे या जर्मन कारागिराची कांस्यातली अक्षरं पाहिली आणि १९३२ साली त्यावरून छपाईचा टाइप करायला सांगितलं. तो टाइप म्हणजे अल्बर्टस. वोल्पे ज्यू होते. १९३५ साली जर्मनी सोडून ते इंग्लंडला आले आणि तिथे फेबर अँड फेबर या प्रकाशनासाठी शेकडो पुस्तकांची वेष्टणं त्यांनी केली. त्यांची मूळ अक्षरं खोदलेली नव्हती, उठावाची होती. आजूबाजूचा धातू काढून टाकायचा आणि अक्षर वर ठेवायचं. आपल्याकडे मराठेशाहीतल्या देवळांवर, बारवांवर, घाटांवर असे उठावाचे शिलालेख बरेच सापडतात, तीच रीत. या रीतीत बारीक पट्टीचं सेरिफ टिकत नाही. उठावाची नाजूक पट्टी छिन्नीच्या एका चुकीच्या ठोक्याने उडते, आणि उडाली नाही तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी झिजते. म्हणून कारागीर अक्षर दणकट ठेवतो आणि टोक नुसतं रुंदावतो. बोल्ड आणि फ्लेअर्ड या दोन गोष्टी एकत्र का नांदतात याचं मला हे सगळ्यात पटणारं कारण वाटतं. दोघींचा जन्म एकाच भीतीतून झाला आहे, तुटण्याच्या. लंडनच्या जुन्या शहरभागात, ज्याला सिटी ऑफ लंडन म्हणतात तिथे, रस्त्यांच्या नावांच्या पाट्या आजही अल्बर्टसमध्ये आहेत.

तांबं तर आपल्या दाराशी आहे. मिरजेत १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, तीही खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. कोरणारा कारागीर पुण्याहून आलेला तांबट होता. सांगलीहून मिरजेकडे जाताना मला दर वेळी त्याची आठवण येते. तांब्यावर कोरणी खोल दाबली की रेघ रुंद होते, दाब सोडला की बारीक. ब्रशसारखंच, फक्त हाताला कळ लागेपर्यंत.

या घराण्यातलं सर्वांत प्रसिद्ध अक्षर मात्र जाड नाही. ते ऑप्टिमा. हेरमान त्साफ १९५० साली फ्लोरेन्सला गेले होते. तिथल्या सांता क्रोचे चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या दगडांवर त्यांना बिनपट्टीची, पण टोकाशी फुललेली अक्षरं दिसली. जवळ कागद नव्हता, म्हणून १००० लिराच्या नोटांवर त्यांनी ती उतरवून घेतली. १९५८ साली टाइप बाजारात आला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये ५८,००० हून अधिक नावं कोरली आहेत, ती ऑप्टिमात. अक्षराची उंची जेमतेम अर्धा इंच. इतकी नावं एकाशेजारी एक लावताना ठसठशीत बोल्ड घेतला असता तर भिंत काळी-पांढरी होऊन ओरडली असती. ऑप्टिमाचा फुलोरा इतका हलका आहे की तो दिसत नाही, फक्त जाणवतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण बोल्ड कुठे घ्यायचा नाही तेही त्या भिंतीवरून कळतं.

आता पैलवानाकडे येऊ.

अक्षर जाड करायचं म्हणजे काय करायचं? आमच्या धंद्यात बहुतेक जण कोरलड्रॉ या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देतात आणि ती वाढवत नेतात. दोन मिनिटांत अक्षर जाड. पण आउटलाइन चारी बाजूंनी सारखीच वाढते. कोपरे बिघडतात, ‘म’ची गाठ बुजते, ‘क’च्या पोटातली जागा चिंचोक्याएवढी उरते, आणि कमरेत जी निमुळती रेघ होती तिचं निमुळतेपण जातं. हे झालं लठ्ठ अक्षर. माणूस लठ्ठ होतो तेव्हा चरबी सगळीकडे चढते, मानेवर, मनगटावर, घोट्यावर. पैलवान जाड होतो तो खांद्यांत, छातीत, मांडीत. त्याचं मनगट आणि घोटा जवळजवळ आहे तसाच राहतो, कंबर आवळलेली राहते. म्हणून तो जड असूनही चपळ दिसतो. चांगलं बोल्ड अक्षर याच न्यायाने बनवावं लागतं. उभ्या रेघा दुपटीने जाड करा, पण आडव्या रेघा आणि सांधे तेवढे वाढवू नका. रेघा जिथे एकमेकींना मिळतात तिथे उलट थोड्या चिमटून बारीक करा, नाहीतर तिथे काळा डाग साचतो. अक्षर थोडं रुंद करा, म्हणजे पोटात श्वास घ्यायला जागा राहते.

आणि फुलोरा? इथे नवखा माणूस हमखास चुकतो. त्याला वाटतं रेघ दुप्पट केली तर फुलोराही दुप्पट. पण दोन रेघांमधली पांढरी जागा तर कमी झालेली असते. आकड्यांत सांगते. समजा दोन उभ्या रेघा आहेत, प्रत्येकी ८ मिमी जाड, मधे १४ मिमी जागा. पायाशी प्रत्येक बाजूला २ मिमी फुलोरा दिला, तर पायाशी १० मिमी जागा राहते. छान. आता रेघा १६ मिमी केल्या, मधली जागा १० वर आली आणि फुलोरा ४ मिमी केला, तर पायाशी उरली २ मिमी. लांबून ते दोन पाय चिकटलेलेच दिसणार. म्हणून बोल्डमध्ये फुलोरा रेघेच्या मानाने कमी ठेवतात, आणि त्याची जाणीव टिकवण्यासाठी कंबर किंचित आत घेतात. टोक बाहेर काढण्याऐवजी मध्य आत ढकलायचा. परिणाम तोच, जागा वाचते.

हे सगळं रोमन लिपीचं झालं. मराठीत हेच करायचं ठरवलं की खरी गंमत सुरू होते, आणि माझ्या मते आपल्या लिपीचा स्वभाव या एका कामात जितका कळतो तितका दुसऱ्या कशात कळत नाही.

इंग्रजी ‘आय’ला दोन मोकळी टोकं आहेत, वर आणि खाली. दोन्हीकडे फुललं की आकार होतो लांबट डमरूचा. आपल्या कान्याचं वरचं टोक मोकळं नाही. ते शिरोरेघेला टांगलेलं आहे. तिथे फुलोरा दिला तर शिरोरेघेखाली दोन्ही बाजूंना काळे त्रिकोण तयार होतात, आणि प्रत्येक काना पंखा लावल्यासारखा दिसतो. तिथे हात आवरायचा. फुलायला एकच टोक उरतं, खालचं. म्हणून रोमन अक्षर डमरू असेल तर आपला काना सनई आहे. वर बारीक, खाली तोंड उघडलेलं.

आणि सनईचं तोंडही अगदी आडवं कापायचं का? जुन्या पोथ्या बघा. बोरूने लिहिलेला काना पायाशी तिरका संपतो, कारण बोरूचं टोकच तिरकं कापलेलं असतं. शिवाय आपल्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूचा. त्यामुळे रोमन अक्षरात जी तिरकी रेघ जाड असते ती आपल्याकडे बारीक, आणि तिथली बारीक ती इथे जाड. इंग्रजी फॉन्टमधून जाडी-बारकी उचलून मराठीला लावली की अक्षर परक्या हाताने लिहिल्यासारखं दिसतं ते यामुळे. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खुपत राहतं. मी हळदीच्या पाकिटासाठी पाया फुलवला, पण तिरका कापला. फुलोरा ब्रशचा, काप बोरूचा. दोन्ही हत्यारं आपलीच.

शिरोरेघेचं वेगळं दुखणं आहे. तिलाही दोन टोकं असतात, शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी. तिथे फुलोरा शोभतो. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, आणि प्रत्येकाच्या शिरोरेघेला दोन्हीकडे फुलोरा दिला तर शब्दात दर अक्षराला एक गाठ येते, जणू दोरीला मधे मधे टेंगळं आलीत. म्हणून हुशार फॉन्टमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अक्षरासाठी वेगळे आकार करून ठेवतात आणि ते आपोआप जागा घेतील अशी योजना करतात. तेवढा खटाटोप नसेल तर शिरोरेघ सरळच ठेवलेली बरी.

आता ते दोन शब्द घ्या. ‘सांगलीची’ हा शब्द कागदावर लिहा आणि पूर्ण उंचीच्या उभ्या रेघा मोजा. ‘स’ची एक, कान्याची दुसरी, ‘ग’ची तिसरी, मराठी वळणाच्या पाकळीच्या ‘ल’ला खांब नसतो, म्हणून वेलांटीची चौथी, ‘च’ची पाचवी, पुन्हा वेलांटीची सहावी. सहा खांब! एखाद्या वाड्याची ओसरीच. आणि त्यातही ‘सा’ आणि ‘ची’ या दोन ठिकाणी दोन-दोन खांब शेजारीशेजारी, मधे काहीच नाही. वरच्या हिशेबातला २ मिमीचा प्रश्न दोन वेळा समोर उभा राहिला. मी आधी सहाही पाय सारखे फुलवले. छापून भिंतीला लावलं तर खाली काळी झालर लागल्यासारखं दिसत होतं. मग जोडीतले पाय एकमेकांच्या बाजूला जवळजवळ सरळ ठेवले आणि फक्त बाहेरच्या बाजूला फुलवले. एकट्या उभ्या असलेल्या ‘ग’च्या दांड्याला आणि ‘ली’च्या वेलांटीला तेवढा दोन्हीकडे फुलोरा. झालर गेली, खांब मोकळे झाले.

‘हळद’ने मात्र माझी परीक्षाच पाहिली. या शब्दात पूर्ण उंचीचा एकही खांब नाही! ‘ह’, ‘ळ’, ‘द’ तिन्ही शिरोरेघेला आखूड देठाने लटकलेली, खाली सगळी वळणं. फुलोरा कुठे द्यायचा? वरच्या ओळीत ठाम उभी असलेली ओसरी आणि खाली नुसती झुलणारी फळं, दोन शब्द एका घरातले वाटेनात. शेवटी ‘ह’ आणि ‘द’ यांच्या शेपट्यांकडे लक्ष गेलं. शेपूट हे मोकळं टोक. ब्रशने लिहिताना तिथेच शेवटचा दाब येतो. शेपट्या टोकाकडे रुंद केल्या आणि कान्याच्या पायाला जो तिरका काप दिला होता तोच तिथे दिला. दोन्ही शब्द एकदम सख्खे दिसायला लागले. ‘ळ’ राहिला. त्याबद्दल शेवटी सांगते.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. ‘ल’ पाकळीचा हवा आणि ‘श’ देठाचा हवा. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप येतात आणि कुणी बदलत नाही. वाचता येतं, पण ‘सांगली’तला ‘ल’च हिंदी निघाला तर मला राहवत नाही. तसंच ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ आहेत का, तेही फॉन्ट घेण्याआधी टाइप करून पाहावं. ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द मी नेहमी चाचणीला वापरते.

तयार फॉन्टमध्ये काय मिळतं? गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणाऱ्यांत ‘यात्रा वन’ या जातीच्या सर्वांत जवळ वाटतो. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतला आहे, सपाट ब्रशचा हात त्यात दिसतो. ‘रोझा वन’ जाड आहे, पण त्याचा जोर जाड-बारीक रेघांच्या टोकाच्या फरकावर आहे. लहान छपाईत बारीक रेघा गळतात. ‘मोदक’ तर मुद्दाम गुबगुबीत केलेला. पोटातली पांढरी जागा नुसत्या रेषेएवढी उरते. लहान मुलांच्या वाढदिवसाला तो फार गोड दिसतो. पैलवान मात्र नव्हे, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही.

ही जाड, फुललेली अक्षरं वापरायची कुठे? माझा ठोकताळा असा: शब्द थोडे, आकार मोठा, आणि सांगायचं आहे ते वजनाचं पण हाताने घडवलेलं. पाकिटावरचं नाव, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, शाळेच्या कमानीवरचं नाव, नाटकाची जाहिरात. नाटकाचं नाव कसं लिहायचं असतं हे कमल शेडग्यांनी आयुष्यभर दाखवलं. शब्द वाचायच्या आधीच नाटकाचा रंग कळायचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिला खेळ केला त्या सांगलीत वाढलेल्या माणसाला वर्तमानपत्रातलं नाटकाचं पान आधी उघडायची सवय असतेच. अक्षर कसं बोलतं हे मी त्या पानावरच शिकले.

कुठे वापरू नये तेही सांगते. लग्नपत्रिकेतला सगळा मजकूर, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, मोबाइलवरचा लांब लेख. बारा पॉइंटात फुलोरा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतो, दिसत नाही, आणि जाडीमुळे ओळी काळ्या पडतात. साध्या पडद्यावर तर कमरेचा हलका बाक एका ठिपक्याहूनही कमी भरतो. मग तो एकतर नाहीसा होतो, नाहीतर रेघेला मधेच पायरी पडते. देवळाच्या संगमरवरी पाटीवर वरचं नाव यात घ्या, खालची देणगीदारांची यादी साध्या वळणात. इंग्रजीत याच घराण्यातलं एक अक्षर लहान आकारातही चालतं, फ्रेडरिक गौडी यांचं १९०१ सालचं कॉपरप्लेट गॉथिक. त्याच्या टोकांना केसाएवढ्या अणकुच्या आहेत, फक्त कोपरे धारदार ठेवायला. मिरजेच्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या व्हिजिटिंग कार्डांवर ते अक्षर मी अनेकदा पाहिलंय.

छपाईचा एक धडा आम्हाला पैसे मोजून मिळाला. पाकिटावर अक्षर पांढरं होतं आणि भोवती गडद लाल. पहिला नमुना छापून आला तेव्हा कमरा फारच बारीक झालेल्या. कारण लाल शाई दाबाखाली चहूबाजूंनी थोडी पसरते आणि पांढऱ्या अक्षरात घुसते. पैलवानाचा झाला पाप्याचा पितर. उलटं काळ्या शाईत अक्षर छापलं असतं तर तीच शाई बाहेर पसरून ते आणखी जाड झालं असतं. म्हणून एकाच अक्षराच्या दोन प्रती ठेवायला लागतात, शाईत छापायची थोडी सडपातळ, शाईतून पांढरी काढायची थोडी भरलेली. आतून दिवा लागणाऱ्या पाटीवर याच्याही उलट होतं. रात्री उजेड अक्षराच्या बाहेर सांडतो आणि पोटातल्या जागा भरून टाकतो. तिथे अक्षरांमधलं अंतर वाढवावं.

दुसरा नमुना आला तो आम्ही एका किराणा दुकानाच्या फळीवर ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. व्यापारी, मी आणि आण्णा. आण्णांचं वय आता पंचाहत्तरच्या पुढे, हात थरथरतो, ब्रश सुटून बरीच वर्षं झाली. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम तसंही आटलंच. व्यापारी खूश होते. "बसलं ताई, अगदी बसलं." आण्णा काही बोलेनात. चष्मा काढून, डोळे बारीक करून बघत राहिले, पाटी रंगवून झाली की रस्त्यापलीकडून बघायचे तसे.

"‘ळ’ गुदमरतोय," ते म्हणाले.

खरं होतं. ‘ळ’ची दोन वेटोळी जाड करताना दोन्ही पोटं बुजत आली होती, आणि लांबून तिथे फक्त एक काळसर ठिपका दिसत होता. मी घरी येऊन संगणक उघडला. पण आण्णांनी कागद मागितला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि जुन्या ब्रशने एक ‘ळ’ काढला. डावं वेटोळं मोठं, उजवं लहान, आणि मधल्या सांध्यापाशी रेघ एकदम हलकी. दोन्ही पोटं सारखी ठेवायच्या नादात मी दोन्ही मारली होती. त्यांनी एकाला जागा दिली आणि दुसऱ्याला मान.

तो कागद स्कॅन करून मी वळण तसंच उचललं. आता बाजारात जे पाकीट आहे, त्यावरचा ‘ळ’ आण्णांच्या हातचा आहे.